नवतप्यातले स्वॅब: व्हीटीएम की लायसिस बफर?

वटवाघळं, उंदीर, चिचुंद्र्या यांच्यात नवा विषाणू शोधायला निघालं की पहिला वाद नळीत काय भरायचं यावर होतो. व्हीटीएममध्ये, म्हणजे विषाणू वाहून न्यायच्या माध्यमात, विषाणू जिवंत राहतो. ग्वानिडिन या रसायनाचं लायसिस बफर, म्हणजे विषाणू फोडणारं द्रावण, त्याला मारतं, पण आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) राखतं.

व्हीटीएमचं वजन कमी नाही. विषाणू पेशींत वाढला तरच टायटर (जिवंत विषाणूचं प्रमाण) निघतं, सीरम (प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव) त्याला रोखतं का ते कळतं. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्याचं नाव विषाणूला लागलं, तेही 1965 मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तातून तो वाढवता आला म्हणून.

पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मेळघाटाहून नागपूर गाठायचं तर? व्हीटीएम 4 अंशांवर दोन-तीन दिवस टिकतं, पुढे उणे 70 हवं. घरगुती फ्रीझरचे उणे 20 नुकसानच करतात. ड्राय आइसमध्ये झाकण जरा सैल राहिलं, तर कार्बन डायऑक्साइड शिरून पीएच घसरतो. वैताग मात्र गुदस्वॅबचा. वाटेत बर्फाचं पाणी झालं की अँटिबायोटिक असूनही जिवाणू माजतात. खोका उघडावा तर जिवाणूंच्या आम्लाने गुलाबी माध्यम पिवळं! अशा नळीत आरएनएचे तुकडे झालेले असतात आणि सिक्वेन्सिंगचे रीड (यंत्राने वाचलेले तुकडे) जिवाणूच खाऊन टाकतात. रात्रभर जाळ्यापाशी बसून मिळालेला प्राणी परत थोडाच सापडतो? माझा कौल इथेच बफरकडे फिरला.

बफरलाही खोडी आहेत. स्वॅबचं टोक पूर्ण बुडायलाच हवं. ट्रायझॉल (याच जातीचं तयार द्रावण) वापरत असाल तर 1 मिलीला 50 ते 100 मिलिग्रॅम ऊतक, जास्त नको. सांडलं तर ब्लीच चुकूनही ओतू नका, ग्वानिडिनशी मिळून विषारी वायू सुटतो. आणि आरएनएलेटर या आरएनए राखणाऱ्या द्रावणाला या पंक्तीत बसवू नका. ते मिठाचं द्रावण, विषाणू मरेलच याची खात्री नाही.

मेलेल्या नमुन्यातूनही बरंच निघतं. आरडीआरपीच्या (विषाणूचं आरएनए नकलणाऱ्या विकराच्या जनुकाच्या) पीसीआरचे काहीशे बेस कुळ सांगतात, मेटाजीनोमिक्समधून (नमुन्यातलं सगळं जनुकीय साहित्य एकत्र वाचून) पूर्ण जीनोम जुळवता येतो, स्पाइकचा (विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचा) सिक्वेन्स हाती आला की स्यूडोव्हायरसही (तेच प्रथिन लावलेला निरुपद्रवी विषाणू) बनवता येतो. शिवाय फळभक्षी वटवाघळांत निपाहची शक्यता धरावी लागते. तो जिवंत वाढवायला बीएसएल-4, म्हणजे सर्वांत कडक सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, त्यासाठी पुण्यासारखं ठिकाण गाठायचं.

द्रव नायट्रोजनचा कॅन सोबत असेल तर दोन्ही नळ्या भरा, माझी ना नाही. फक्त पहिला स्वॅब बफरमध्ये टाका. दुसऱ्या वेळी विष्ठा बहुधा कमीच येते.