बँडकॅम्प: बेळगावातल्या एका श्रोत्याचा चार वर्षांचा अभिप्राय

संगीत ऐकण्याची आणि विकत घेण्याची बँडकॅम्प ही सेवा मी गेली चार वर्षे बेळगावात बसून वापरतो आहे. या काळात तेथून ३९ अल्बम विकत घेतले आणि त्याच्या कितीतरी पट अल्बम ऐकून बाजूला ठेवले. चित्रपटसंगीतापलीकडचे, स्वतंत्र कलाकारांचे नवे संगीत ऐकावेसे वाटते पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, अशा आपल्या भागातील श्रोत्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. सेवा मला मनापासून आवडली आहे. तिच्यात उणिवाही आहेत आणि त्यांतली एक तर आपल्याला विशेष जाचणारी आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

२००८ साली सुरू झालेल्या या सेवेची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक कलाकाराचे स्वतःचे पान असते आणि त्यावर त्याचे अल्बम मांडलेले असतात. मुखपृष्ठ, गाण्यांचा क्रम, वादकांची नावे, बहुतेक ठिकाणी गाण्यांचे शब्द आणि अल्बम कसा घडला याची चार ओळींची हकीकत, असे सारे एकाच पानावर मिळते. कॅसेटच्या आतली घडी उलगडून बारीक अक्षरांतली नावे वाचण्याची ज्यांना सवय होती, त्यांना या पानावर लगेच आपलेपणा वाटेल. गाणी विकत घेण्यापूर्वी पूर्ण ऐकता येतात. काही कलाकार किती वेळा मोफत ऐकायचे याला मर्यादा घालतात, आणि ती मला योग्यच वाटते.

नवे अल्बम सापडण्याची येथील खरी वाट मात्र मला बऱ्याच उशिरा कळली. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या बँडचा २०१९ मधला ‘बिस्मिल्ला’ हा अल्बम पाठवला आणि सोबत लिहिले, “मामा, मधले एकही गाणे न गाळता सलग ऐका.” रविवारी दुपारी मी तो सलग ऐकला. सूर्यकांत साहनी यांचा तो जुन्या वळणाचा, रुंद, किंचित थकलेला आवाज आणि त्याच्यामागून येणारे ट्रम्पेटचे स्वर ऐकताना आपल्या गल्लीतून जाणाऱ्या वरातीच्या बँडची आठवण मला सारखी होत राहिली. अल्बम संपल्यावर त्या पानावर खाली लहान लहान छायाचित्रांची एक रांग दिसली. ज्यांनी ज्यांनी तो अल्बम विकत घेतला होता, त्या श्रोत्यांची ती छायाचित्रे होती. कोणत्याही एका छायाचित्रावर बोट ठेवले की त्या माणसाचा सारा संग्रह उघडतो: त्याने काय काय घेतले, त्यातले कोणते गाणे त्याला सर्वांत आवडले, आणि कधीकधी का आवडले याच्या दोन ओळीही.

अशाच एका अनोळखी श्रोत्याच्या संग्रहात मला सारथी कोरवार यांचा ‘डे टू डे’ हा २०१६ मधला अल्बम सापडला. कोरवार भारतात वाढलेले आणि लंडनमध्ये स्थिरावलेले तालवादक आहेत. गुजरातेतील रतनपूरच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या कलावंतांचे गाणे-वाजवणे तेथे जाऊन ध्वनिमुद्रित करून त्याभोवती त्यांनी जाझची वाद्ये गुंफली आहेत. हा अल्बम ऐकताना मला वारंवार थांबावे लागले, कारण सिद्दी समाज आपल्याला परका नाही. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला त्यांची वस्ती आहे. आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर आपण त्यांना लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्या दूरच्या भाईबंदांचा ढोल मी पहिल्यांदा नीट लक्ष देऊन ऐकला तो लंडनहून निघालेल्या अल्बममध्ये, आणि त्यानंतर आपल्याकडचे सिद्दी ढोल ऐकण्याची ओढ मला लागली. एखाद्या सेवेने श्रोत्याचे याहून मोठे काम काय करायचे?

त्याच संग्रहातून पुढे न्यूयॉर्कला राहणाऱ्या पाकिस्तानी गायिका आरूज आफताब यांच्या ‘व्हल्चर प्रिन्स’ (२०२१) पर्यंत पोहोचलो. या अल्बममध्ये तालवाद्य जवळजवळ नाहीच. हार्प, गिटार आणि एक अत्यंत संयत आवाज यांवरच मुख्य भर आहे. हफीज होशियारपुरी यांची, मेहदी हसन यांच्या गायकीमुळे आपल्या घराघरांत पोहोचलेली ‘मोहब्बत करने वाले कम न होंगे’ ही गझल येथे इतक्या संथ लयीत येते की पहिल्या दोन मिनिटांत ती ओळखूच येत नाही. याच गाण्याला २०२२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, हे मला नंतर समजले. आमच्या शेजारचे काका आयुष्यभर शास्त्रीय संगीताच्या बैठकींना जाणारे आणि नव्या संगीताकडे कधी न वळलेले. त्यांना मी हा अल्बम ऐकवला. त्यांनी तो एका बैठकीत पूर्ण ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. कुमार गंधर्वांचा जन्म येथल्याच सुळेभावीचा, आणि माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उभे करणाऱ्या त्या गवयावर पोसलेल्या कानांना नव्या रचनेची भीती वाटण्याचे खरे तर काही कारण नाही.

भाषेचेही तसेच. घरात मराठी, कार्यालयात कन्नड, गोव्याकडच्या पाहुण्यांशी कोकणी आणि बाजारात या सगळ्यांची मिसळ, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला न समजणाऱ्या शब्दांच्या गाण्यात बसून राहण्याची सवय आधीपासूनच असते. हरिपाठ म्हणणाऱ्या आमच्या आजीला शेजारच्या घरातली कन्नड वचने तोंडपाठ होती, अर्थ मात्र ती विचारून घेत असे. म्हणून परभाषेतला अल्बम मुद्दाम निवडावा, असे मी आपल्या भागातल्या श्रोत्यांना आग्रहाने सुचवीन.

शोधाच्या आणखी दोन वाटा आहेत. प्रत्येक अल्बमला कलाकार स्वतः प्रकारांची लेबले लावतात, आणि गावाचे नावही त्यात येते. त्यामुळे बेंगळुरू किंवा पुणे असे शहर निवडून तेथले अल्बम पाहता येतात. लेबले कलाकारांनीच लावलेली असल्यामुळे त्यांत घोळ पुष्कळ असतो आणि चाळायला वेळ द्यावा लागतो. दुसरी वाट म्हणजे सेवेचे स्वतःचे नियतकालिक, ज्यात एखाद्या शहरातल्या, एखाद्या वाद्याच्या किंवा एखाद्या विस्मृत कंपनीच्या संगीतावर जाणकार माणसांनी लिहिलेले इंग्रजी लेख रोज येतात. मी आठवड्याला त्यातला एकच लेख वाचतो आणि त्यातला एकच अल्बम ऐकतो. यापेक्षा अधिक घेतले तर काहीच मनात राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

महिन्याचे पैसे भरून अमर्याद गाणी देणाऱ्या सेवा मीही वापरतो आणि त्यांची सोय नाकारत नाही. परंतु तेथे पुढचे गाणे यंत्र निवडते, आणि ते आपल्याच मागच्या आवडीच्या आसपास फिरत राहते. शिवाय त्यांतल्याच स्पॉटिफाय या सेवेने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. छोट्या गावातला, छोट्या भाषेत गाणारा कलाकार या नियमाखाली सर्वांत आधी सापडतो. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीवर १० टक्के स्वतःकडे ठेवते. पैसे पोहोचवण्याचा खर्च वजा जाता उरलेले सारे कलाकाराचे. दोनशे श्रोत्यांनी अल्बम घेतला तरी त्याचा पुढचा स्टुडिओचा खर्च निघू शकतो. संपूर्णपणे किंवा बऱ्याच प्रमाणात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले संगीत येथे चालणार नाही, असेही या सेवेने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले. माझ्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा आहे.

आता ती जाचणारी उणीव. येथे कलाकाराला पैसे पोहोचण्याची भिस्त पेपल या सेवेवर आहे, आणि पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातून भारतातच पैसे पाठवण्याची सोय बंद केली. याचा परिणाम असा की लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या कलाकाराचा अल्बम आपण बेळगावातून घेऊ शकतो, पण भारतातच खाते असलेल्या कलाकाराचा अल्बम घेताना व्यवहार अडतो. रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या बेंगळुरूच्या बँडला चारशे रुपये देता येत नाहीत, हे फार क्लेशदायक आहे. फोनवर क्यूआर कोड दाखवून भाजी घेणाऱ्या देशात यूपीआयची सोय येथे व्हायलाच हवी. तोवर अशा बँडचे संगीत येथे ऐकावे, आणि पैसे देण्यासाठी त्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट काढावे किंवा त्यांच्याकडून थेट टी-शर्ट, सीडी घ्यावी, असा मार्ग मी पत्करला आहे.

परदेशी खरेदीसाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्यावा लागतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या वापरापुरतेच चालू असते. माझा पहिला व्यवहार याच कारणाने नाकारला गेला आणि बँकेच्या शाखेत त्याचे कारण सांगता येईना. शेवटी बँकेच्याच ॲपमध्ये ती कळ सापडली. चलन बदलण्यासाठी बँक वर दोन-तीन टक्के आकारते, तेही हिशोबात धरावे. तबकड्या मागवण्याच्या फंदात मात्र पडू नये. इंग्लंडहून येणाऱ्या एका तबकडीचा टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून बहुतेक वेळा तबकडीइतकाच होतो.

घेतलेला अल्बम उतरवून कायमचा आपल्याकडे ठेवता येतो, आणि त्यासाठी ध्वनीच्या दर्जाचे अनेक पर्याय आहेत. पाऊण तासाचा अल्बम उत्तम दर्जाच्या एमपी३ मध्ये सुमारे १०० एमबी, तर मूळ ध्वनी जसाच्या तसा राखणाऱ्या फ्लॅकमध्ये साधारण अडीचशे ते तीनशे एमबी होतो. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना फोनची रेंज गेली की अमर्याद गाण्यांची सेवा मुकी होते. फोनमध्ये उतरवलेला अल्बम तेव्हाही चालू राहतो. गेल्या जुलैत धो-धो पावसात बस कणकुंबीच्या पुढे तासभर अडकली होती, तेव्हा ‘व्हल्चर प्रिन्स’ मी दोनदा सलग ऐकला, आणि त्या अल्बमला त्याहून योग्य जागा मला अजून सापडलेली नाही.

उतरवून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. ही सेवा मार्च २०२२ मध्ये एपिक गेम्स या कंपनीने घेतली आणि दीडच वर्षात साँगट्रॅडर या दुसऱ्या कंपनीकडे गेली. त्या बदलात सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. कामकाज पुढेही नीट चालले, परंतु घेतलेले संगीत आपल्या स्वतःच्या डिस्कवर असावे एवढा धडा मी त्यातून घेतला.

मराठीबद्दल लिहिताना मन जड होते. रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत शोधूनही मला पूर्ण मराठी अल्बम मोजकेच सापडले, आणि त्यातले काही नुसतेच एकेक गाणे टाकून सोडलेले होते. आपले तरुण गाणी करतात, पण बहुतेक सारी व्हिडिओ म्हणून, एकेकटी प्रसिद्ध होतात. आठ-दहा गाण्यांचा एक सलग विचार म्हणून अल्बम मांडणारे थोडे. टिळकवाडीच्या, शहापूरच्या, निपाणीच्या ज्या मुलांनी घरातल्या खोलीत गिटार आणि लॅपटॉप मांडले आहेत, त्यांनी येथे आपले पान जरूर उघडावे. गावाच्या जागी ‘बेळगाव’ लिहिलेला मराठी अल्बम जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला माणूस आपल्या संग्रहात ठेवू शकेल. आणि त्या संग्रहातून पुढचा श्रोता आपल्यापर्यंत येईल, जसा मी सिद्दी ढोलापर्यंत गेलो.

एक शेवटची उपयोगी गोष्ट. २०२० च्या मार्चपासून ही सेवा वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून देते आणि त्या दिवसाच्या विक्रीतला जवळजवळ सारा पैसा कलाकाराला जातो. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजला जात असल्यामुळे आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, आणि हिवाळ्यात दीड वाजता सुरू होऊन शनिवारी त्याच वेळी संपतो. मी महिनाभर ऐकलेल्या अल्बमांतून दोन निवडून ठेवतो आणि शुक्रवारी कामावरून घरी आल्यावर जेवण आटोपून निवांतपणे घेतो. या खेपेच्या यादीत कोरवार यांचाच, मुंबई-दिल्लीच्या रॅपर मुलांना सोबत घेऊन केलेला ‘मोअर अरायव्हिंग’ पहिला आहे; दुसरी जागा अजून रिकामी आहे.