शेतकरी गटासाठी टेलिग्राम : दोन हंगामांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यातल्या आठ गावांच्या कापूस उत्पादकांचा आमचा गट दोन खरीप हंगामांपूर्वी आम्ही टेलिग्रामवर आणला. गटचालक (ॲडमिन) म्हणून आलेला अनुभव येथे नोंदवत आहे. आधीचा गट दुसऱ्या ॲपवर होता आणि तो बिघडला तो आमच्याच सवयींमुळे. पोळ्याच्या आदल्या दिवशी एका तरुणाने पऱ्हाटीवरील (कपाशीच्या झाडावरील) डोमकळीचा, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलाचा, फोटो टाकून गुलाबी बोंडअळीसाठी काय फवारावे, असे विचारले होते. शुभेच्छांची चित्रे आणि दोन पक्षांच्या समर्थकांची हमरीतुमरी यांखाली तो प्रश्न गाडला गेला, आणि जे एकमेव उत्तर आले ते तीन औषधे एकत्र मिसळण्याचे होते. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले आहेत. म्हणून असे उत्तर कोणी न खोडता तसेच राहणे आम्हाला परवडणारे नाही.

टेलिग्राममधील सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे स्लो मोड. गटचालकाने ठरवलेला वेळ, काही सेकंदांपासून एका तासापर्यंत, उलटल्याशिवाय त्याच सदस्याला दुसरा संदेश पाठवता येत नाही. एरवी आम्ही तो बंद ठेवतो आणि वाद पेटू लागला की पंधरा मिनिटांवर नेतो. तेवढ्या वेळात बहुतेकांचा राग ओसरतो. शिवाय कोणा एकाला चारचौघांत दटावावे लागत नाही, कारण बंधन सर्व सदस्यांना सारखे असते. रोज पारावर समोरासमोर येणाऱ्या माणसांच्या गटात ही गोष्ट फार मोलाची आहे. गटचालकांना हे बंधन लागू होत नाही, म्हणून अशा वेळी आम्ही स्वतःहून तेवढाच वेळ गप्प राहतो. एक अडचण मात्र येते : फोटो आधी आणि प्रश्न नंतर पाठवणारा सदस्य मध्येच अडकतो. प्रश्न फोटोखालीच लिहावा, हे आम्हाला प्रत्येकाला शिकवावे लागले.

कापूस, तूर-सोयाबीन, बाजारभाव आणि इतर असे स्वतंत्र विषय पाडता येतात. एखाद्या सदस्याचे लेखन चालू ठेवून फक्त फोटो व व्हिडिओ पाठवणे बंद करता येते. आपला मोबाइल क्रमांक इतर सदस्यांपासून लपवता येतो, आणि त्यामुळेच आमच्या गटात प्रथमच शेतकरी महिला मोकळेपणाने प्रश्न विचारू लागल्या.

गटचालक होण्यास अनेक जण कायद्याच्या भीतीने कचरतात. गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सॲप गटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला आहे की, समान हेतू किंवा संगनमत दिसून आल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटचालकाला फौजदारी गुन्ह्यात जबाबदार धरता येणार नाही. तरीही चुकीचा फवारणी सल्ला दिसताच तो काढून टाकणे आणि कृषी विद्यापीठाची शिफारस पाहून योग्य मात्रा लिहिणे, हे काम कोणतेही ॲप करत नाही. त्यासाठी आम्ही तिघा गटचालकांनी दिवस वाटून घेतले आहेत.

साठीपुढचे बरेच जण नवे ॲप घेण्यास तयार झाले नाहीत, त्यामुळे निवडक उत्तरे दर रविवारी जुन्या गटात पाठवावी लागतात. एवढ्यासाठी एक गुण कमी करून मी पाचपैकी चार देतो. गट चाळीस-पन्नास जणांचाच असेल तर या सोयींची गरज पडणार नाही. तेथे संध्याकाळी वाद घालणाऱ्या काकांच्या घरी जाऊन बोललेले पुरते.