वाढदिवसाचा ‘मिकी माउस’: इंदुरातले पर्याय आणि त्यांचा खरा खर्च

मुलांच्या वाढदिवसाला हवा भरून उभे राहणारे खेळ आणायचे ठरले, की इंदुरातील पालकांसमोर साधारणपणे चार पर्याय येतात. पहिला, टेंट हाउसवाल्यांकडे सरसकट ‘मिकी माउस’ या नावाने मिळणारा दहा बाय दहा फुटांचा उड्यांचा किल्ला. दुसरा तसाच, पण पंधरा बाय पंधराचा. तिसरा, उंच फुगवलेली घसरगुंडी. आणि चौथा, घरी काहीच न आणता मुलांना विजय नगर किंवा बायपासकडच्या एखाद्या प्ले झोनमध्ये घेऊन जाणे. फोनवर विचारले की प्रत्येकाचा एकेक आकडा सांगितला जातो, आणि बहुतेक घरांत निर्णय त्या आकड्यावरच होतो. माझ्या मते तुलनेसाठी तोच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. प्रत्येक मुलाच्या वाट्याला किती खेळ येतो आणि त्यासाठी भाड्याखेरीज आणखी काय द्यावे लागते, हे मांडून पाहिले तर स्वस्त आणि महाग यांचा क्रम पुष्कळदा उलटा होतो.

उदाहरणादाखल असे धरू, की लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरातील एखाद्या कॉलनीच्या बागेत चार ते दहा वर्षांची चोवीस मुले येणार आहेत आणि कार्यक्रम तीन तासांचा आहे. औक्षण, केक आणि खाणे यांत एक तास जाणारच, म्हणजे प्रत्यक्ष खेळायला दोन तास उरतात. पुढे दिलेले रुपयांचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्याला मिळालेले भाव घालावेत.

दहा बाय दहाच्या किल्ल्याचे माप बाहेरून घेतलेले असते. चारी बाजूंच्या फुगीर भिंती दीड-दीड फूट जागा खातात, म्हणून आत उड्या मारायला उरते ती सात बाय सात, म्हणजे ४९ चौरस फूट जागा. याच हिशेबाने पंधरा बाय पंधरात बारा बाय बारा, म्हणजे १४४ चौरस फूट मिळतात. बाहेरची बाजू दीडपट झाली, पण खेळण्याची जागा जवळजवळ तिप्पट झाली, आणि भाडे मात्र क्वचितच तिप्पट असते. लहान किल्ल्यात एका वेळी चार आणि मोठ्यात आठ मुले, दहा मिनिटांची पाळी आणि उतरण्या-चढण्याची दोन मिनिटे, असे धरले तर तासाला पाच पाळ्या होतात. दोन तासांत लहान किल्ला चाळीस मुलांना जागा देईल आणि मोठा ऐंशी मुलांना. चोवीस मुलांपैकी प्रत्येकाला लहान किल्ल्यात जेमतेम दीड-पावणेदोन पाळ्या मिळतील, तर मोठ्यात तीन पाळ्या मिळून थोडी सवड उरेल.

आता पैसे. लहान किल्ल्याचे भाडे २,५०० रुपये, त्यावर टेम्पो आणि हमाली ८००, देखरेखीचा माणूस ६०० आणि वायर, खुंट्या, दोर यांचे ५०० धरले तर एकूण ४,४०० रुपये होतात, म्हणजे एका पाळीला ११० रुपये. मोठ्याचे भाडे ४,००० आणि वरचा खर्च तितकाच धरला तर एकूण ५,९०० होतात, पण एका पाळीला ७४ रुपयेच पडतात. लहान किल्ला स्वस्त वाटतो तो फोनवर. बागेत मुलांची रांग लागली आणि निम्मी मुले ‘माझा नंबर कधी’ म्हणत उभी राहिली, की दीड हजार रुपये कुठे वाचले ते कोणालाही कळते.

घसरगुंडीचा हिशेब निराळा आहे. एका मुलाला चढून खाली यायला साधारण अर्धा-पाऊण मिनिट लागते, त्यामुळे तासाला शंभरच्या आसपास फेऱ्या होतात आणि चोवीस मुलांना दोन तासांत प्रत्येकी आठ फेऱ्या मिळू शकतात. मात्र येथे एक माणूस वर आणि एक खाली असे दोघे लागतात, वजन जास्त असल्याने टेम्पोही मोठा लागतो. भाडे ७,०००, दोन माणसांचे १,२००, वाहतूक १,५०० आणि किरकोळ ५०० मिळून १०,२०० होतात. फेरीमागे ५१ रुपये हा आकडा किल्ल्याच्या ७४ रुपयांशेजारी ठेवू नये, कारण एकीकडे अर्ध्या मिनिटाची फेरी आहे आणि दुसरीकडे दहा मिनिटांची पाळी. आठ-दहा वर्षांच्या मुलांना घसरगुंडीच हवी असते हे खरे, परंतु चार-पाच वर्षांची मुले वर जाऊन अडून बसतात आणि सगळी रांग थांबते. पाहुण्यांत लहान मुले अधिक असतील तर हा पैसा मला वाया गेलेला वाटतो.

प्ले झोनचे गणित डोईमागे चालते. दर डोई ४०० रुपये धरले तर चोवीस मुलांचे ९,६०० होतात, आणि ट्रॅम्पोलिन असलेल्या ठिकाणी न घसरणारे मोजे बहुधा वेगळे विकत घ्यावे लागतात. पण मुले दहा-बाराच असतील तर हाच खर्च चार ते पाच हजारांत बसतो आणि पंधराच्या किल्ल्याहून स्वस्त पडतो. आपल्या उदाहरणात दोन्ही पारडी साधारण पंधराव्या मुलाशी समान होतात. फरक आणखी एक आहे. किल्ल्याचे भाडे ठरलेले असते, मग आमंत्रण एकाला दिले आणि आली तीन भावंडे, तरी ते वाढत नाही. प्ले झोनमध्ये प्रत्येक भावंड म्हणजे नवे तिकीट. आपल्याकडची आमंत्रणाची रीत पाहता चोवीस लिहून तीस धरणे शहाणपणाचे.

आता वरच्या हिशेबात ‘किरकोळ’ म्हणून येणाऱ्या, पण खरे तर निर्णय ज्यांवर व्हायला हवा, त्या बाबी पाहू. त्यांत पहिली म्हणजे किल्ला जमिनीला कसा बांधणार. युरोपातील ईएन १४९६० या मानकानुसार अशा खेळाला किमान सहा ठिकाणी बांधावे लागते, प्रत्येक बंधाने १,६०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे १६३ किलो वजनाइतका ओढ सोसला पाहिजे, आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की खेळ बंद करून मुलांना उतरवावे लागते. लहान झाडे मुळापासून शेंड्यापर्यंत डोलू लागली की वारा या मर्यादेपाशी आला असे समजावे. हे नियम कागदी नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातील टास्मानियात डेव्हनपोर्ट येथे एका शाळेच्या मैदानावरचा असा किल्ला वाऱ्याने उचलला गेला आणि त्या दुर्घटनेत सहा मुलांचा जीव गेला. माळव्यात वारा नसतो असे म्हणणाऱ्याने देवासच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या एकदा आठवाव्यात.

मातीत खुंट्या ठोकता येणार असतील तर हा प्रश्न स्वस्तात सुटतो. खुंटी लोखंडी, किमान ३८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पंधरा इंच लांब आणि बोटाएवढी जाड असावी, व तिचे डोके जमिनीबाहेर उरू नये. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की लोण्यासारखी मऊ होते. दोन्ही वेळी खुंटी हलवून, ओढून पाहिल्याखेरीज तिच्यावर विश्वास ठेवू नये. पेव्हर ब्लॉकच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये खुंटी ठोकताच येत नाही. मग वाळूच्या गोण्या आल्या. १६३ किलोचा हिशेब घेतला तर पंचवीस किलोच्या सात गोण्या एका बंधाला, म्हणजे सहा बंधांना बेचाळीस गोण्या लागतात. प्रत्यक्षात टेम्पोतून चार-पाच गोण्या उतरतात, त्याही निम्म्या भरलेल्या. म्हणून पेव्हरचे अंगण फुकट मिळत असले आणि मातीच्या बागेचे भाडे द्यावे लागत असले, तरी मी बागच घेण्याचा सल्ला देईन. गच्चीचा विचार तर कोणत्याही भावात करू नये. महापालिकेच्या बागेसाठी झोन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी, आणि मॅरेज गार्डन असेल तर बाहेरच्या डेकोरेटरचा माल आत आणू देतात की नाही, त्यासाठी वेगळे पैसे मागतात की नाही, हे भाव ठरवण्यापूर्वीच विचारावे.

दुसरी बाब देखरेखीच्या माणसाची. खर्च कमी करायचा म्हटले की पहिली कात्री येथेच लागते, आणि माझ्या मते ती येथे लागूच नये. टेम्पोवाला किल्ला उभा करून ‘आठ वाजता येतो’ म्हणून निघून जातो तेव्हा तो देखरेखीचा माणूस नसतो. तिथे शेवटपर्यंत उभा राहणारा, बूट काढायला लावणारा, मोठ्या मुलांना छोट्यांच्या पाळीत न घुसू देणारा माणूस हवा, आणि तो काम म्हणून आलेला हवा. काका-मामांवर हे सोपवले तर पहिल्या अर्ध्या तासानंतर ते गप्पांत रंगतात. पाच वर्षांखालील आणि वरील मुलांच्या पाळ्या वेगळ्या ठेवण्याला एक पैसाही पडत नाही. एवढ्याचसाठी दोन लहान किल्ले मागवणारेही असतात, पण त्यांना दोन माणसे आणि दुप्पट बांधणी लागत असल्याने आपल्या आकड्यांत तो खर्च ८,००० रुपयांवर जातो आणि पाळ्या ऐंशीच राहतात.

विजेचा खर्च पालकांना जास्त वाटतो, तो तसा नाही. किल्ल्यात हवा भरणारा दीड अश्वशक्तीचा पंखा, म्हणजे ब्लोअर, सुमारे १.१ किलोवॉट वीज घेतो, म्हणजे चार तासांत साडेचार युनिट, पन्नास रुपयांच्या आत. अडचण बिलाची नसून जोडणीची असते. हा ब्लोअर सारखा चालू ठेवावा लागतो आणि सुरू होताना तो क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची वायर हवी. तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली पातळ, जोड मारलेली वायर नको. वीज गेली की भिंती आत झुकू लागतात आणि मुलांना लगेच बाहेर काढावे लागते, तेव्हा देखरेखीचा माणूस चहाला गेलेला असून चालत नाही. कमी उंचीच्या किल्ल्यासाठी, सोसायटीचा बॅकअप बागेपर्यंत पोहोचत असेल तर, वेगळा जनरेटर घेण्याची गरज मला वाटत नाही. उंच घसरगुंडीवर मुले दहा-बारा फूट वर असतात आणि ब्लोअरही बहुधा दोन लागतात, म्हणून तिथे जनरेटर आवश्यक समजावा, आणि तो जमेस धरला की आपला १०,२०० चा आकडा सहज तेरा हजारांच्या घरात जातो.

तारीख थोडी हलवता येत असेल तर भाव बराच हलतो. प्रबोधिनी एकादशीनंतर लग्नसराई सुरू झाली की टेंट हाउसवाल्यांना वाढदिवसाकडे पाहायला वेळ नसतो. माल जुना मिळतो आणि घासाघीस चालत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, ज्याला आपण धनुर्मास म्हणतो आणि इकडे मलमास म्हणतात, लग्ने थांबलेली असतात, आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळला तर हाच काळ भाव करण्यासाठीही चांगला आणि हवामानासाठीही. दिवस लवकर मावळतो, म्हणून खेळ दुपारी तीन-साडेतीनला सुरू करावा. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी प्लास्टिकचा पृष्ठभाग उघड्या पायांना भाजेल इतका तापतो. तेव्हा संध्याकाळी सहानंतरचीच वेळ घ्यावी आणि दिव्यांचा खर्च धरावा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मात्र चोवीस मुले असोत वा तीस, मी थोडे जास्त पैसे देऊन प्ले झोनच निवडेन.

वेळेचाही पैसा असतो. तीन तासांचे भाडे किल्ला उभा राहिल्यापासून मोजणार की टेम्पो दारात आल्यापासून, हे विचारावे, कारण उतरवणे, अंथरणे, बांधणे यांत पाऊण ते एक तास जातो. खेळ आधी आणि खाणे नंतर असा क्रम ठेवला तर किल्ला दोन-सव्वादोन तासांत मोकळा करता येतो, शिवाय कचोरी आणि भुट्ट्याचा कीस पोटात घेऊन मुलांनी उड्या मारण्याचा प्रसंग टळतो. इंदुरात खाण्याच्या खर्चाला कोणी हात लावणार नाही, तेव्हा बचत व्हायची ती अशाच ठिकाणी.

नर्सरीतले एकच मूल आणि त्याचे दोन-तीन मित्र एवढाच पसारा असेल, तर घरगुती वापराचा छोटा किल्ला विकत घेणे परवडू शकते, पण खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू असल्याने त्यावर आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावा. ओला गुंडाळला तर बुरशी धरतो, आणि फ्लॅटमध्ये तो वाळवायला जागा नसते.

भाव ठरला की विसार देण्यापूर्वी चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्याव्यात: बाहेरचे माप, माणूस शेवटपर्यंत थांबणार की नाही, कर आणि हमाली भाड्यात आहेत की वेगळी, आणि पाऊस किंवा जोराचा वारा आल्यास विसार परत मिळणार की दुसऱ्या तारखेला वळता होणार. चौथ्या मुद्द्यावर जो डेकोरेटर ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हणतो, तो पाचशे रुपये स्वस्त असला तरी मी त्याला सोडून देईन, कारण वारा सुटल्यावरही खेळ चालू ठेवण्याचा मोह त्यालाच सर्वांत जास्त होईल. किल्ला उभा राहताच त्याच्या शिवणी, जुनी ठिगळे आणि फाटके कोपरे यांचे फोटो काढून त्याच नंबरवर पाठवावेत, आणि डिपॉझिट दिले असेल तर माल टेम्पोत चढण्यापूर्वी, तिथल्या तिथे परत घ्यावे.