नवा फायबर मोडेम आणि स्वतःचा राउटर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये आमच्या साताऱ्याच्या घरातली तांब्याच्या तारेवरची जुनी ब्रॉडबँड जोडणी आम्ही बंद केली आणि फायबर घेतले. जोडणीबरोबर कंपनीचा नवा मोडेम (काचेच्या तंतूतून येणारे नेट घरात घेणारा डबा) आला आणि तीन आठवड्यांनी मी स्वतःचा राउटर (ते नेट घरातल्या उपकरणांना वाटणारा डबा) विकत आणून त्याला जोडला. आता मार्च चालू आहे. मधल्या काळात पावसाळा, गणपती, दिवाळीचे पाहुणे आणि मुलीच्या दोन परीक्षा एवढे सगळे या दोन डब्यांवरून गेलेले असल्यामुळे त्यांच्याविषयी लिहायला हरकत नाही. मी या विषयातला जाणकार नाही. विवरणपत्रे भरण्याचे काम घरून करतो आणि महिन्याच्या २० तारखेला नेट गेले की अशिलांना काय उत्तर द्यावे लागते ते मला पक्के ठाऊक आहे, एवढीच माझी पात्रता.

मोडेममध्येच वाय-फाय असताना वेगळा राउटर कशाला, असे घरात सगळ्यांनीच विचारले. कारण आमच्या घराच्या बांधणीत आहे. पुढचा अर्धा भाग वडिलांच्या वेळचा, दीड फूट जाडीच्या दगडी भिंतींचा; मागचा भाग नंतर बांधलेला. फायबरची केबल रस्त्याकडून येते, त्यामुळे मोडेम ओसरीवर बसवण्यावाचून पर्याय नव्हता. ओसरीवर बसलेल्या माणसाला २०० एमबीपीएसचा (सेकंदाला २०० मेगाबिट) पूर्ण वेग मिळत होता, आणि मधली भिंत ओलांडून मुलीच्या खोलीत गेले की फोनवर एखादी दांडी दिसायची. मोडेम बदलून किंवा योजना वाढवून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. वाय-फाय देणारा डबा घराच्या मध्यावर, जिन्यापाशी नेणे हाच उपाय होता.

राउटर एसी १२०० वर्गातला घेतला, साधारण अडीच हजार रुपयांना. खोक्यावरच्या या आकड्याला भुलू नये. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ८६७ यांची ती बेरीज असते, तीही वर ओढून पूर्ण केलेली, आणि कोणत्याही एका फोनला ती कधी मिळत नाही. त्यापेक्षा मागची केबलची भोके गिगाबिटची (१००० एमबीपीएसची) आहेत की १०० एमबीपीएसची, ते पाहावे. याच वर्गातल्या काही स्वस्त राउटरांची भोके १०० चीच असतात, आणि २०० ची योजना घेतलेल्या माणसाने तो राउटर आणला तर निम्मे पैसे तिथेच वाया जातात.

पहिल्या दिवशी मोडेमच्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) भोकातून निघालेली केबल राउटरच्या निळ्या वॅन (बाहेरून नेट आत घेणाऱ्या) भोकात घातली, आणि नेट काही चालेना. कारण समजायला संध्याकाळ झाली. मोडेमचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि राउटरचाही तोच. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की कधी या डब्याचे पान उघडे, कधी त्या डब्याचे. हल्लीचे बरेच राउटर अशा वेळी आपला पत्ता आपणहून बदलून घेतात. आमच्या राउटरने तसे केले नाही. मोडेमची केबल काढून, लॅपटॉप फक्त राउटरला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि केबल परत लावली, तेव्हा नेट सुरू झाले.

सुरू झाले म्हणजे दिसायला सुरू झाले. मोडेम स्वतः घरातल्या उपकरणांना पत्ते वाटत होता आणि त्याच्यामागे राउटरही आपले वेगळे पत्ते वाटत होता. एका घरात दोन कारभारी असले की जे होते तेच झाले. बाबांचा फोन ओसरीवर असताना मोडेमचे वाय-फाय पकडे, प्रिंटर राउटरला जोडलेला, आणि त्यामुळे बाबांना भजनाचे पान छापायचे असले की फोन म्हणे प्रिंटर सापडत नाही. टीव्हीवर फोनमधले कीर्तन लावण्याचेही तेच. साधे पान उघडणे, व्हिडिओ पाहणे यांत काही फरक जाणवत नव्हता, म्हणून महिनाभर मी ते तसेच चालू दिले. ते आधीच नीट करायला हवे होते.

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय असा की राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर टाकायचा. मग पत्ते फक्त मोडेम वाटतो, राउटर नुसते वाय-फाय पुरवतो आणि सगळी उपकरणे एकाच जाळ्यात येतात. ज्यांना कटकट नको त्यांनी हेच करावे. मला मुलीच्या फोनची रात्रीची वेळ ठरवणे, पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे ठेवणे अशी कामे राउटरकडूनच करून घ्यायची होती, म्हणून मी दुसरा मार्ग धरला : मोडेमला ‘ब्रिज’ करायचे. त्यात मोडेम फक्त काचेच्या तंतूतल्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो आणि पुढचे सगळे, म्हणजे नाव व पासवर्ड देऊन पीपीपीओई या पद्धतीने लॉगिन करण्यापासूनचे काम, राउटर करतो.

हे सांगितले तेव्हा जोडणीला येणारा मुलगा नाराज झाला. “काका, ब्रिज केलं की मोडेमचं वाय-फाय बंद होणार. मग रेंज येत नाही म्हणून मला फोन करू नका,” असे त्याने बजावले. मी ते कबूल केल्यावर मात्र त्याने मन लावून काम केले. त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या : वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या जाळ्यात आपली नेटची वाहतूक वेगळी ओळखण्याचा आकडा). तिसरी गोष्ट बहुतेक लोक विचारायचे विसरतात, आणि जिथे कंपनीला तो क्रमांक लागतो तिथे तो राउटरमध्ये भरल्याशिवाय लॉगिन होत नाही. आमच्या राउटरमध्ये तो ‘आयपीटीव्ही’ नावाच्या पानात दडलेला निघाला, जिथे कोणी शोधायला जाणार नाही. सगळे भरल्यावरही पहिली पाच-सात मिनिटे लॉगिन नाकारले जात होते, कारण मोडेमने आधी केलेले लॉगिन पलीकडे अजून जिवंत होते. दोन्ही डबे बंद करून चहा घेतला, मग आधी मोडेम चालू केला, त्याचा पॉनचा (फायबरची जोडणी लागल्याचे दाखवणारा) दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाल्यावर राउटर चालू केला, आणि जोडणी लागली. वीज जाऊन आल्यावरही हाच क्रम पाळणे बरे.

घरातला कॅमेरा बाहेरगावाहून थेट पाहता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडण्याचा खटाटोप करणाऱ्यांसाठी एक सूचना. राउटरच्या पहिल्या पानावर वॅनचा पत्ता दिसतो. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला आहे आणि तुम्ही कितीही पोर्ट उघडलेत तरी बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे भरा किंवा कॅमेऱ्याच्या ॲपवर समाधान माना. मी ॲपवर समाधान मानले.

आता ज्या गोष्टीने माझे तीन आठवडे खाल्ले ती सांगतो. ब्रिज झाले, सगळे सुरळीत चालू लागले, पण वेग ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. ओसरीवर मोडेमला थेट लॅपटॉप जोडला की १९५, जिन्यापाशी राउटरला जोडला की ९३, ९४, पुन्हा ९४. मी राउटरला दोष दिला, मग कंपनीच्या तक्रार कक्षाला चार फोन केले, तेही बिचारे दर वेळी मोडेम बंद करून चालू करायला सांगत. खरे तर ९४ हाच आकडा ओरडून उत्तर सांगत होता. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून वरचा व्यवहारखर्च वजा जाता हाती पडतो तो साधारण एवढाच वेग. राउटरच्या पानावर पाहिले तर वॅनच्या पुढे सरळ ‘१०० एमबीपीएस’ असे लिहिले होते.

ओसरीपासून जिन्यापर्यंत भिंतीच्या पाइपमधून गेलेली केबल बारा-तेरा वर्षांपूर्वी वायरमनने ओढलेली होती. जिन्यापाशीचा डबा उघडून पाहिला तेव्हा आत आठांपैकी चारच तारा पिनेत बसवलेल्या दिसल्या. नारिंगी आणि हिरवी जोडी नेटसाठी, आणि निळी जोडी त्याने त्या काळी माडीवरच्या टेलिफोनला वळवलेली. तपकिरी जोडी नुसतीच गुंडाळून मागे ढकललेली होती. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्या माणसाची चूक नव्हती, तेव्हा घरात १०० एमबीपीएस कोणाकडे होते? २० मीटर कॅट ६ दर्जाची नेटची केबल नवीन ओढून घेतली. दुकानात शुद्ध तांब्याची मागून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवताना लवकर तुटते. त्या दिवसापासून जिन्यापाशीही १९० च्या वर वेग मिळतो आहे.

वाय-फायच्या बाबतीत जागेचा परिणाम कोणत्याही सेटिंगपेक्षा जास्त दिसला. राउटर आधी लोखंडी कपाटाच्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर ठेवला होता आणि मुलीच्या पलंगापाशी ५ गिगाहर्ट्झचा संकेत उणे ७४ डीबीएम (संकेताच्या शक्तीचे माप; शून्याच्या जितके जवळ तितके चांगले) येत होता. कपाटापासून हलवून जिन्याच्या वळणावर डोक्याच्या उंचीला टांगला, इतकेच केले, आणि त्याच जागी तो उणे ६२ झाला. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट होते हे लक्षात घेतले तर हा फरक सोळापट आहे. २.४ चा पट्टा लांब पोहोचतो पण गल्लीतल्या सगळ्यांचे डबे त्यावरच गर्दी करून बसलेले असतात, म्हणून तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी जे चॅनल मोकळे दिसेल ते धरून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. ५ च्या पट्ट्यावर ‘ऑटो’ ठेवल्यास राउटर कधीकधी मधल्या, रडारसाठी राखून वापरायच्या चॅनलांवर जातो. तिथे प्रसारण सुरू करण्यापूर्वी त्याला मिनिटभर कान देऊन ऐकावे लागते आणि तेवढा वेळ ५ चे वाय-फाय गायब होते. मुलीच्या ऑनलाइन तासाला दोनदा असे झाल्यावर मी ते ३६ वर पक्के करून टाकले.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देण्याची सोय मी बंद केली आहे. गीझरचा स्मार्ट प्लग आणि जुना प्रिंटर फक्त २.४ ओळखतात आणि एकच नाव असले की जोडताना अडून बसतात. प्रिंटरला डब्ल्यूपीए ३ ही वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धतसुद्धा मानवत नाही, म्हणून २.४ वर जुनी डब्ल्यूपीए २ आणि ५ वर दोन्ही चालतील असे ठेवले. राउटरचे मोबाइल ॲप मला आवडले नाही. खाते उघडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि आठवड्याला काहीतरी विकायला येते. ब्राउझरमधले पान पुरेसे आहे. पाहुण्यांचे वाय-फाय मात्र दिवाळीत फार उपयोगी पडले. त्याचा पासवर्ड फ्रिजवर लिहून ठेवला होता, भाऊबीज झाल्यावर बंद केले.

फायबरच्या बाजूने नऊ महिन्यांत एकच मोठा खंड पडला. गणपतीत मांडवाचे बांबू उभे करताना चौकातली केबल ताणली गेली. नेट पूर्ण गेले नाही, थांबत थांबत चालू लागले. मोडेमच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या शक्तीचा आकडा (तोही डीबीएममध्ये) दिसतो. तो आमच्याकडे एरवी उणे २० असायचा, त्या दिवशी उणे २७ झाला होता, आणि त्या आसपास मोडेमला संदेश धड वाचता येत नाही. हा आकडा मी बसवल्या दिवशीच लिहून ठेवला होता, म्हणून तक्रार करताना “नेट हळू चालते” याऐवजी आकडे सांगता आले आणि माणूस थेट तार जोडायचे यंत्र घेऊनच आला. जोडल्यावर उणे २१. मोडेमला लागणारी फायबरची हिरवी पिन स्वतः काढू नये. तिचे टोक ८ अंशांत तिरपे घासलेले असते, त्यावर बोट लागले तरी प्रकाश कमी होतो, आणि आतला लेसर डोळ्यांना दिसत नसला तरी त्यात पाहणे धोक्याचे आहे.

विजेचे म्हणाल तर मोडेम आणि राउटर दोघांनाही १२ व्होल्ट लागतात. ओसरीवर आणि जिन्यापाशी असे दोन लहान यूपीएस घ्यावे लागले, हा राउटर लांब ठेवण्याचा खर्च धरायला हवा. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून पाहावेत. वीज गेली तर दोन-अडीच तास निघतात.

कमतरता राहिली आहे ती माडीवरच्या खोलीची. तिथे ५ गिगाहर्ट्झ पोहोचत नाही आणि २.४ वर ३० एमबीपीएसच्या आसपास मिळतात. वाय-फायनेच वाय-फाय पुढे ढकलणारा एक्स्टेंडर शेजाऱ्यांकडून आणून लावून पाहिला, वेग निम्मा झाला, परत दिला. आता दुसरा एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवायचा आहे. त्यासाठी गेल्या रविवारी माडीपर्यंत केबल ओढून घेतली आणि वायरमन जायच्या आधी टेस्टरवर आठही दिवे लागल्याचे पाहून घेतले.