ग्लूटेन-फ्री मेळा, मोठ्या महोत्सवातला कोपरा की घरी मागवलेले नमुने? सिलिअ‍ॅकवाल्या घरांसाठी तुलना

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार) आहे हे कळून चार वर्षं झाली. तेवढ्या काळात आम्ही तिन्ही वाटा करून पाहिल्या: फक्त ग्लूटेन-फ्री पदार्थांचा खास मेळा, नेहमीच्या मोठ्या खाद्यमहोत्सवातला ‘ग्लूटेन-फ्री’ पाटी लावलेला कोपरा, आणि कुठेही न जाता घरी नमुने मागवून एकेक चाखणं. ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय ते मला सारखं विचारतात, ‘मेळ्याला जावं का? एवढ्या गर्दीत काही गडबड झाली तर?’

माझं मत आधीच सांगून टाकते. निदान नवं असेल किंवा पथ्य लहान मुलाचं असेल, तर खास मेळ्याला एकदा तरी जाच. मोठ्या महोत्सवाला हौसेने जा, पण घरून जेवून जा. घरी नमुने मागवणं चांगलंच, फक्त ते मेळ्यानंतर जास्त कामाला येतं.

आधी थोडा हिशेब

हा हिशेब डोक्यात बसला की बाकीचं आपोआप समजतं. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव किंवा राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. यावर आजही एकच उपाय आहे, जन्मभराचं काटेकोर पथ्य. कोडेक्स या अन्नाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. युरोप आणि अमेरिकेतली मर्यादाही तीच. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेल्यावर आतड्याला इजा झालेली दिसली. दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना धोका नाही असं मानतात.

आता मेळ्यात दिवसभर फिरून मुलीने अर्धा किलो खाल्लं, आणि त्यातला प्रत्येक पदार्थ अगदी 20 च्या काठावरचा निघाला, असं धरू. तरी पोटात गेलं 10 मिलिग्रॅम. याउलट गव्हाच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, नखाएवढा तुकडा, 50 मिलिग्रॅमला पुरतो. नियमात बसणारे वीस पदार्थ चाखले तरी भीती नाही, भीती त्या एका तुकड्याची आहे. तो तुकडा कुठे भेटण्याची शक्यता जास्त, एवढंच तिन्ही ठिकाणी बघायचं.

मोठ्या महोत्सवातला कोपरा

मनापासून सांगते, इथे सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. स्टॉलवाले आपुलकीने बोलतात, पाटी ठळक असते. तरीही आमची एकदा फसगत झाली ती इथेच. एका स्टॉलवर बटाट्याचे तळलेले काप होते. बटाटा, मीठ, तेल, आणखी काही नाही. मी विचारलं, ‘ग्लूटेन-फ्री आहे ना?’ ते म्हणाले, ‘हो, शंभर टक्के.’ लेकीच्या हातात कागदाचा द्रोण दिला आणि सहज कढईकडे नजर गेली. त्याच तेलातून झारा मैद्याच्या आवरणातले तुकडे काढत होता. तेलात तळाशी जळके कण फिरत होते. तिने तोवर तीन-चार काप खाल्ले होते.

माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या पदार्थात ग्लूटेन नव्हतंच, ते तेलात होतं. तेव्हापासून मी ‘ग्लूटेन-फ्री आहे का’ हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी विचारते, ‘हे कसं बनवता, जरा सांगाल?’ आणि गप्प ऐकते. तेल कुठलं, चाळणी कुठली, ओव्हनमध्ये वरच्या ताटात काय होतं, लाकडी फळी गव्हाच्या पावाचीच का, हे त्या सांगण्यातून आपसूक बाहेर येतं. समोरचा माणूस न विचारता वेगळ्या भांड्यांबद्दल बोलू लागला, तर त्याला हा आजार ठाऊक आहे असं समजावं.

कोपऱ्याची दुसरी अडचण हवेतली. शेजारच्या स्टॉलवर कोरडं पीठ मळत असतील तर ते उडतं आणि उघड्या पदार्थांवर बसतं. शिवाय पाट्यांचा घोळ वेगळाच. ‘गहू नाही’ म्हणजे ग्लूटेन नाही असं होत नाही, जव आणि राय उरतातच. स्पेल्ट हा गव्हाचाच भाऊबंद. माल्ट बहुतेक वेळा जवापासून येतं. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

‘आम्ही खाल्लं, काही झालं नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. कित्येकांना ग्लूटेन जाऊनही पोटात काहीच जाणवत नाही, आतडं मात्र झिजत असतं. त्या अनुभवावर विसंबू नका. बंद पाकिटातलं, लेबल असलेलं काही मिळालं तर जरूर घ्या, आणि गाणी-बजावणी बघून परत या.

खास मेळा

पहिल्या मेळ्यात मुलगी पावांच्या स्टॉलसमोर उभी राहिली आणि हलेचना. चार प्रकारचे पाव होते: एक बियांचा, एक गोडसर, एक कडक सालीचा, एक पांढरा मऊ. मला वाटलं तिला भीती वाटतेय. मग लक्षात आलं, तिला ठरवता येत नव्हतं. गेलं वर्षभर कुठेही गेलं तरी ‘तुला हे एक चालेल’ एवढंच तिच्या वाट्याला येत होतं. निवडायची सवयच गेली होती. दहा मिनिटं लागली. स्टॉलवरच्या ताई शांतपणे थांबल्या, एकेक तुकडा पुढे करत राहिल्या. तिने कडक सालीचा घेतला. खास मेळ्याच्या बाजूने मला जे म्हणायचंय ते बरंचसं या दहा मिनिटांत आलं.

बाकीचे फायदे व्यवहाराचे. ग्लूटेन-फ्री पावाचं, पास्त्याचं पाकीट न चाखता घेतलं की निम्म्या वेळा वाया जातं. कुठला पाव भुगा होतो, कुठला दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, हे तुकडा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. शिवाय बनवणारा समोर असतो. त्याचं स्वयंपाकघर पूर्ण ग्लूटेन-फ्री आहे की सकाळी गहू आणि संध्याकाळी हे, असं थेट विचारता येतं. बऱ्याच ठिकाणी आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरही बोलायला असतात.

पण मेळा आहे म्हणून डोळे मिटून खाऊ नका. सर्वांत मोठी चूक लोक जेवायच्या टेबलावर करतात. सोबत आलेले नातेवाईक बाहेरून सँडविच आणतात, तिथेच बसून खातात आणि चुरा टेबलावर ठेवून उठतात. आम्ही टेबल ओल्या फडक्याने पुसतो, स्वतःचा कागद पसरतो, मगच बसतो. नमुन्यांच्या ताटलीत सगळ्यांची बोटं गेलेली असतात, म्हणून शक्यतो मेळा उघडताच पोचतो आणि तुकडा समोर कापून मागतो.

ओट्सबद्दल स्वतंत्र विचारा. मुद्दाम वेगळे पिकवलेले आणि दळलेले शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, काहींना तेही चालत नाहीत. साधे ओट्स गव्हाच्या संगतीत आलेले असतात. आणखी एक: काही पावांत ग्लूटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च असतो. तो 20 च्या आत असला तर सिलिअ‍ॅकला चालतो, पण गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना चालत नाही. दोन्ही आजारांची माणसं एकाच मेळ्यात फिरत असतात, म्हणून सांगते.

काही स्टॉल मात्र ओलांडून पुढे जावेत. ‘ही गोळी घ्या आणि बिनधास्त खा’ असं सांगत एन्झाइमच्या गोळ्या विकणारा एक. सिलिअ‍ॅकमध्ये पथ्याची जागा घेईल अशी कुठलीही गोळी आज नाही. दुसरा, रक्ताच्या थेंबावर शंभर पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणारा. रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं मोजणाऱ्या त्या चाचणीने सिलिअ‍ॅकचं निदान होत नाही.

आणि मेळ्यात गोडाचा भडिमार असतो. केक, बिस्किटं, वर आणखी केक. यांतल्या पुष्कळ पदार्थांत साखर आणि चरबी भरपूर, तंतू आणि लोह कमी. तांदूळ, मका, बटाटा, डाळी, भाज्या, फळं मुळातच ग्लूटेन-फ्री, पण त्यांचा स्टॉल सहसा कोणी लावत नाही. मेळ्यावरून रोजच्या जेवणाचा अंदाज बांधू नका.

घरी नमुने मागवणं

गर्दी सोसत नाही, प्रवास झेपत नाही, निदानानंतर अंगात ताकद नाही, अशांना हेच बरं. याचा खरा फायदा वेगळा आहे. एका वेळी एकच नवा पदार्थ घेता येतो आणि दोन-तीन दिवस थांबून बघता येतं. मेळ्यात वीस नमुने खाऊन रात्री पोट दुखलं तर कशाने, हे सांगता येत नाही. दोष ग्लूटेनचा असेलच असंही नाही. निदान नवं असताना आतडं झिजलेलं असल्यामुळे दूधही सोसत नाही, आणि ग्लूटेन-फ्री पावात घातलेल्या तंतूंनी, डिंकांनी चांगल्या माणसाचंही पोट फुगतं.

तोटा एकच, पण माझ्या लेखी मोठा. घरी तुम्ही एकटे असता.

मग कोणी कुठे जावं

निदानाला सहा महिने झाले नसतील तर खास मेळा, पण खाण्यासाठी कमी आणि विचारण्यासाठी जास्त. चाखायचे पदार्थ चार-पाचच ठेवा, बाकी पाकिटं घरी आणा. मुलांना न्याच. ज्यांचं पथ्य वर्षानुवर्षं बसलंय, तपासण्या नीट येताहेत, त्यांनी दरवर्षी जायची गरज नाही, घरी मागवून भागतं. असे मेळे बऱ्याच ठिकाणी मे महिन्याच्या सुमाराला भरतात, कारण तो सिलिअ‍ॅक जागृतीचा महिना आणि 16 मे हा त्याचा आंतरराष्ट्रीय दिवस.

सोबत येणाऱ्या भावंडांबद्दल आणि आई-वडिलांबद्दलही विचार करून ठेवा. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला सिलिअ‍ॅक निघतो, एरवी हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. मेळ्याहून आल्यावर उत्साहात अख्खं घर ग्लूटेन सोडतं, आणि मग तपासणी केली तर ती खोटीच चांगली येते. ग्लूटेन खाणं चालू असतानाच रक्त द्यावं लागतं. यंदा माझा धाकटाही आमच्याबरोबर मेळ्याला येणार आहे. त्याची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून तोवर त्याच्या नाश्त्यात गव्हाचा पाव तसाच ठेवलाय, वेगळ्या सुरीने कापलेला.