फर्स्ट इयरचा नर्सिंग सेट: बॅगेतलं काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश झाले की संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या सर्जिकल दुकानांत 'फर्स्ट इयरचा सेट' मागायला गर्दी होते. रेग्झिनची बॅग आणि आत बीपी ॲपरेटस, स्टेथो, थर्मामीटर, टॉर्च, रिफ्लेक्स तपासायची हातोडी, ट्यूनिंग फोर्क (वाजवून कंपन तपासायचा चिमटा), टेप, कात्री, आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी धरायचा चिमटा). दुकानागणिक एखादी वस्तू कमी-जास्त.

आमचं मत आधीच सांगतो. बीपी ॲपरेटस आणि स्टेथो सेटमधून घेऊ नका, सुटे आणि तपासूनच घ्या. बाकीच्या वस्तू सेटमधल्या चालतात. ही दोन यंत्रं आठही सेमिस्टर हातात असतात. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला ॲडल्ट हेल्थ नर्सिंगचं प्रत्येकी ४८० तासांचं क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं काम आहे आणि त्यात व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप, श्वास) घेतल्याशिवाय एकही ड्युटी जात नाही. सेटची किंमत खाली आणायची तर दुकानदार काटकसर याच दोन वस्तूंत करतो, कारण डबा बंद असतो आणि नवीन मुलांना त्यात काय पाहायचं ते माहीत नसतं.

आधी बीपी. डायलवाल्या ॲनेरॉइडमध्ये साधारण हजार-बाराशेला चांगलं यंत्र येतं. डब्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि एमआरपी छापलेली हवी. बीपी यंत्रं २०२१ पासून औषध कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे परवाना क्रमांक नसलेला डबा परत करा. मग डायल पाहा. रबरी बल्बवरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दंडाला बांधायचा कफ दाबून सगळी हवा काढा. काटा शून्याच्या छोट्या चौकटीत यायला हवा. काही डायलमध्ये शून्यापाशी बारीक पिन असते आणि बिघडलेला काटाही तिच्यावर टेकून शून्यच दाखवतो. पिन नसलेला डायल मिळाला तर तोच घ्या, त्यात बिघाड लपत नाही.

यानंतरची चाचणी दुकानातच करायची. लिटरच्या पाण्याच्या बाटलीभोवती कफ घट्ट गुंडाळा, २०० पर्यंत फुगवा, व्हॉल्व्ह बंद करून एक मिनिट काट्यावर नजर ठेवा. मिनिटाला ४ मिलिमीटरपेक्षा (डायलवरचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरचे असतात) जास्त उतरला तर गळती आहे. गळती कुठे आहे तेही कळतं. दोन नळ्यांच्या यंत्रात बल्बकडे जाणारी नळी कफाजवळ चिमटून धरा. काटा थांबला तर दोष बल्ब किंवा व्हॉल्व्हचा, उतरतच राहिला तर कफातल्या रबरी पिशवीचा, डायलकडच्या नळीचा किंवा सांध्याचा. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडून काटा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने सलग खाली आणता येतो का ते बघा. स्वस्त व्हॉल्व्ह एकतर अडतो नाहीतर एकदम सुटतो. १५० वरून थेट १३० वर आलेल्या काट्याने सिस्टोलिकचा (बीपीच्या वरच्या आकड्याचा) पहिला ठोका गिळला, तर तो नंतर कोणालाच सापडत नाही.

कफाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि खरेदी करताना तिच्याकडेच कोणी बघत नाही. 'ॲडल्ट' एवढं छापलेलं पुरेसं नाही. आतली रबरी पिशवी कापडावरून चाचपून टेपने मोजा. तिची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी. बाजारात १२ बाय २३ सेंटिमीटरच्या आसपासची पिशवी भरपूर मिळते. हिशेब केला तर २३ सेंटिमीटरची पिशवी २९ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडाला पुरते. ३४ सेंटिमीटरच्या दंडाला तीच बांधली तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त येतं आणि धडधाकट माणसाच्या कागदावर हाय ब्लड प्रेशर लिहिलं जातं. उलट बाजूही आपल्याकडची रोजची आहे. ऊसतोडीहून आलेल्या बाईचा दंड १९-२० सेंटिमीटरचा असला की मोठ्या कफाने बीपी कमी दिसतं. ती गरोदर असेल तर वाढलेलं बीपी लपून हीच चूक जिवावर बेतू शकते. म्हणून एक लहान कफ सुटा घेऊन ठेवा. मात्र त्याची नळी तुमच्या डायलच्या तोटीवर घट्ट बसते का, हे तिथेच लावून बघा.

डायलवरची प्रत्येक रेघ २ मिलिमीटरची असते, त्यामुळे चार्टवर १२५ लिहिलं की बघणाऱ्याला कळतं, आकडा अंदाजे टाकलाय. आधी नाडीवर बोट ठेवून फुगवा, नाडी लागायची थांबते तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडून अर्धा ते एक मिनिट थांबा, मग त्या आकड्याच्या ३० वर नेऊन स्टेथोने ऐका. ही पायरी गाळली तर ठोके मध्येच काही वेळ ऐकू न येणाऱ्या शांततेला, म्हणजे ऑस्कल्टेटरी गॅपला फसून सिस्टोलिक कमी लिहिलं जातं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यंत्र गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर ४२-४३ अंश असताना डिकीत त्याहून जास्त तापतं, बल्ब आणि नळ्या कडक होऊन सांध्यापाशी चिरतात. दुसरा त्रास धुळीचा. बल्बच्या मागच्या टोकातल्या एकमार्गी झडपेत धूळ बसली की दाबलेली हवा मागेच निघून जाते आणि कफ फुगतच नाही. टोकाची तोटी फिरवून काढा, कोरड्या ब्रशने साफ करा, तेल लावू नका. दर सहा महिन्यांनी टी-कनेक्टरने (तीन तोंडांच्या जोडनळीने) दवाखान्यातल्या कॅलिब्रेट केलेल्या यंत्राला जोडून ६०, १००, १४०, १८० वर पडताळा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर कॅलिब्रेशनला द्या, काटा हाताने वाकवू नका.

स्टेथोला महागडा ब्रँड लागतोच असं नाही, पण दोन बाजूंचा चेस्टपीस (छातीवर टेकवायची चकती), मऊ इअरटिप आणि जाड भिंतीची नळी हवीच. कानात घालताना इअरटिप पुढे, नाकाच्या दिशेने वळलेल्या असाव्यात. उलट्या घातल्या की आवाज मंद होतो आणि लोक स्टेथोला नावं ठेवतात. चेस्टपीस फिरवल्यावर 'टक्' असं स्पष्ट बसलं पाहिजे. डायफ्रामवर (चेस्टपीसच्या पातळ पडद्यावर) हलकं बोट वाजवून कोणती बाजू चालू आहे ते बघायची सवय लावा. सेटमधल्या स्टेथोची नळी बहुधा पातळ असते. पंखा गरगरतोय, नातेवाईक बोलतायत, अशा जनरल वॉर्डात तिच्यातून कोरोटकॉफचे, म्हणजे बीपी घेताना ऐकायचे, शेवटचे ठोके ऐकू येत नाहीत. घामाने आणि केसांच्या तेलाने नळी ताठ होते, म्हणून ती कॉलरवरून घाला. दोन रुग्णांच्या मध्ये ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने डायफ्राम पुसा.

बाकीचं थोडक्यात. थर्मामीटर डिजिटलच घ्या, पाऱ्याचा सेटमध्ये असेल तर परत करा. टॉर्चचा उजेड पिवळसर आणि सौम्य हवा. डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या एलईडीने रुग्ण डोळे मिटतो आणि प्युपिल (डोळ्याची बाहुली) दिसतच नाही. ट्यूनिंग फोर्कच्या दांड्यावरचा आकडा वाचा: कंपनाच्या संवेदनेला १२८, रिने-वेबर या ऐकण्याच्या चाचण्यांना ५१२ किंवा २५६. टेप न ताणणारी फायबरची. ड्रेसिंग कात्रीचं खालचं पातं बोथट टोकाचं.

फोर्सेप्सबाबत एक गैरसमज पक्का बसला आहे. चुंबक चिकटलं म्हणजे स्टील नकली, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. धार आणि पकड टिकवणारं कठीण सर्जिकल स्टील चुंबकाला चिकटतंच. त्यापेक्षा मुठीजवळच्या कुलपाचा पहिला दात लावून फोर्सेप्स तळहातावर हलकी आपटा. उघडली तर नको. उजेडासमोर धरून टोकं नीट मिटतात का बघा. आणि घेतल्यावर ब्लीचच्या पाण्यात तासनतास बुडवून ठेवू नका, स्टीलला खड्डे पडतात. बिजागरीत अडकलेलं रक्त ब्रशने काढा, धुवा, लगेच कोरडं करा.

सेटमध्ये हमखास नसते ती गोष्ट म्हणजे सेकंद काटा असलेलं, गणवेशाला अडकवायचं घड्याळ. ते वेगळं घ्या, वॉर्डात मनगट मोकळं असावं लागतं. पावती जीएसटीची मागा आणि बीपीचा अनुक्रमांक तिच्यावर लिहून घ्या. वॉरंटीत डायल बदलून मागायची वेळ आली तर तो क्रमांकच दाखवावा लागतो.