डहाणू की नाशिक, जानेवारीत कुठं राहायचं?

मामा-मामींना थंडीत महिनाभर बाहेर राहायचंय आणि दोघांचं एकमत होईना, म्हणून लिहितेय. दोन्ही गावं साधारण २० अंश उत्तरेला, मधे फक्त सह्याद्री.

दुपारी फारसा फरक नाही, दोन्हीकडे तापमान २७-२८ च्या आसपास. खरी गंमत रात्री. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन दिवसभराची उष्णता भराभर सोडून देते आणि पहाटे पारा १० च्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. निफाडला तर अजून गारठा, ५ च्या खाली गेला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. डहाणूला शेजारी समुद्र, पाणी तापतं हळू आणि निवतंही हळू, शिवाय हवेतली वाफ उष्णता धरून ठेवते, म्हणून पहाटे १६-१७ च्या खाली सहसा जात नाही. चिकूच्या वाड्यांना हेच मानवतं.

सामान म्हणाल तर नाशिकला स्वेटर, कानटोपी, जाड रजई हवीच, डहाणूला एक शाल बास.

मामांचे गुडघे गारठ्यात आखडतात, त्यांनी डहाणूच धरावं. मामींना कडाक्याच्या थंडीत फिरायला आवडतं, त्यांना नाशिक.